काका, तुम्ही ती जुनी वायरसुद्धा परत पाठवलीत

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

माझ्या जुन्या लेगो क्रेनची मोटर चालू झाली. पंप हलतो, हवा भरते, पंजा मिटतो आणि उघडतो. हे तुम्हाला फोनवर सांगितलंच आहे. पण आभार मानायला सुरुवात केली की तुम्ही ‘अहो, त्यात काय एवढं’ म्हणता आणि रबरी नळ्यांची चौकशी करू लागता. माझ्या मनातलं बोलायचं राहून गेलं, ते काही केल्या स्वस्थ बसू देईना. म्हणून हे उघड पत्र. तुमचं नाव यात घालत नाही. ते तुम्हाला आवडणार नाही, एवढं मला आता कळलं आहे.

ज्यांना हा छंद माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. लेगो या जोडठोकळ्यांची खेळणी बनवणाऱ्या कंपनीने १९७७ साली गिअर, एक्सल आणि भोकं असलेल्या तुळयांचे सेट आणले. हीच मालिका पुढे टेक्निक या नावाने ओळखली जाऊ लागली. नुसती भिंत किंवा घर रचायचं नाही, तर चालणारं यंत्र उभं करायचं, ही त्यामागची कल्पना. माझ्याकडचं मॉडेल १९९२ सालचं आहे, क्रमांक ८८६८, एअर टेक क्लॉ रिग. ट्रकवर बसवलेली क्रेन आणि तिच्या टोकाला पंजा. यात मोटर थेट पंज्याला जोडलेली नाही. मोटर एक छोटा पंप वरखाली करते, पंपातली हवा नळ्यांमधून वाल्वकडे जाते, आपण वाल्वची दांडी ज्या बाजूला कलवू त्या बाजूने ती सिलिंडरमध्ये शिरते, आणि पंजा मिटतो. दांडी मधोमध ठेवली की सगळं आहे तिथे थांबतं. १९८४ पासून टेक्निकमध्ये हवेवर चालणारे भाग आहेत, पण मोटर आणि हवा यांची अशी सांगड मला याच मॉडेलमध्ये पहिल्यांदा नीट कळली. कुठेही काही झाकलेलं नाही. दात दातात कसा अडकतो, वेग कुठे कमी होतो, जोर कुठे वाढतो, सगळं उघड्यावर दिसतं. याच एका कारणासाठी हे मॉडेल मला कितीतरी मोठ्या आणि चकचकीत सेटपेक्षा जवळचं आहे.

आणि तेच मॉडेल माझ्या टेबलावर मुकं बसून होतं.

ज्यांच्याकडून घेतलं त्यांनी ‘सगळे भाग पूर्ण, मोटर चालू’ असं छातीठोक सांगितलं होतं. फोटो पाठवले ते सगळे समोरून. डबा उघडला तर बॅटरी बॉक्सपासून मोटरपर्यंत जाणारी वायर हात लावताच गळायला लागली. वरचं इन्सुलेशन ठिसूळ होऊन त्याचे कण पडत होते आणि आतली तार जागोजागी उघडी होती. लेगोच्या जुन्या ‘९ व्होल्ट’ जोडणीच्या काळातल्या बऱ्याच वायरींचं वयोमानाने असं होतं, यात कुणाचा दोष नाही. तीस वर्षांनंतर इन्सुलेशनने दम सोडला तर तक्रार कुणाकडे करायची? माझी तक्रार वायरीबद्दल नाही. विकणाऱ्यांना ते दिसलं होतं. वायरीची उघडी बाजू त्यांनी मुद्दाम खाली दुमडून ठेवली होती. विचारल्यावर आधी ‘वाहतुकीत झालं असेल’ असं उत्तर आलं, मग उत्तर यायचंच थांबलं.

त्यानंतर एका दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने मॉडेलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘मुलाचं आहे का?’ माझं आहे म्हटल्यावर त्याचा चेहरा बदलला तो बदललाच. दोन दिवसांनी वस्तू परत मिळाली तेव्हा वायर मधोमध कापलेली होती. मध्ये भलत्याच जाडीचा एक तुकडा पिळून जोडलेला आणि त्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. मोटर तरीही चालत नव्हती. कापलेला तुकडा कुठे आहे विचारलं, तर म्हणाला, ‘तो फेकला की. काय करायचाय?’

हे वाक्य फार दिवस डोक्यात घोळत राहिलं. काय करायचाय, हे ठरवण्याचा अधिकार त्याचा नव्हता.

आमच्यातल्या जाणत्या संग्राहकांनीही निराश केलं, हेही लिहून टाकते. एकाने सुचवलं, आत आजकालची मोटर बसव, बाहेरून कोण बघतंय? दुसऱ्याने सांगितलं की असल्या जुन्या भानगडीत पडू नये, नवा सेट घ्यावा, मोबाइलवरून चालवावा. नव्या सेटशी माझं काही वाकडं नाही. २०१९ सालचं, लीबहेर कंपनीच्या यंत्रावर बेतलेलं ते अवाढव्य एक्सकॅव्हेटर, म्हणजे खोदयंत्र, मी एका ओळखीच्यांकडे चालताना बघितलं आहे, सात मोटर आणि चार हजारांहून जास्त तुकडे, तोंडात बोट घालावं असं काम आहे ते. पण मी विचारलं होतं ते या मोटरबद्दल. प्रश्न एक आणि सल्ला भलताच, असं झालं की माणूस गप्प बसतो. मीही गप्प बसले होते. मॉडेल उचलून कपाटात ठेवायच्या बेतात होते.

मग एका स्नेह्याने तुमचा नंबर दिला.

तुम्ही पहिल्याच फोनवर काय विचारलंत ते आठवतंय? ‘बॅटरी काढून ठेवलीत ना? आधी सेल काढा, मग बोलू.’ उघड्या तारा एकमेकींना लागून शॉर्ट व्हायला नको, ही तुमची पहिली काळजी. मी किती वर्षांची, हे खेळणं कुणाचं, कितीला घेतलं, यातलं काहीही तुम्ही विचारलं नाहीत. मोटर हाताने फिरते का, फिरताना खरखर येते का, पंपाची दांडी मोकळी आहे का, एवढंच. मी एकेक सांगत गेले आणि तुम्ही ऐकत गेलात. मध्येच मला एक एक्सल काढायला वेळ लागला. ती दोन तुळयांमध्ये रुतून बसली होती आणि जोर लावायची भीती वाटत होती. तुम्ही म्हणालात, ‘सावकाश. मी आहे फोनवर.’ आणि खरोखर होतात. पलीकडून काही आवाज नाही, घाई नाही.

मग तुम्ही ती जोडवायर पाठवलीत. २००७ पासून आलेल्या पॉवर फंक्शन्सच्या, म्हणजे लेगोच्या मोटर-बॅटरी जोडणीच्या पुढच्या पद्धतीच्या, एक्स्टेन्शन वायरीचं एक टोक खालच्या बाजूने जुन्या ९ व्होल्टच्या जोडणीवर बसतं, हे मला ठाऊकच नव्हतं. ती लावली आणि मोटर फिरली. म्हणजे दोष फक्त वायरीत होता, मोटर धडधाकट होती. इतके दिवस सगळ्यांनी जी मोटर बदलायला सांगितली होती, ती! तुम्हाला कळवलं तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘आता तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. हीच जोडवायर ठेवून चालवा, किंवा मूळ वायर पाठवा, दोन्ही टोकं वाचवून मधली बदलून देतो. मॉडेल तुमचं, तुम्ही सांगा.’ मी दुसरी वाट निवडली.

तुम्ही केलेली दुरुस्ती किती नेटकी आहे याबद्दल मी पानभर लिहू शकते. टोकांचे ते चपटे ठोकळे उघडून पुन्हा बंद केले आहेत हे भिंग घेऊन पाहिलं तरी कळत नाही. नवी वायर जुन्याइतकीच लांब, कारण चेसिसखालून ती ज्या वळणाने जाते तिथे जास्तीची वायर ठेवायला जागाच नाही, हे तुम्ही मॉडेल न बघता ओळखलंत. डाख इतका बारीक की वायर वाकवली तरी कुठे ताठर लागत नाही. पण काका, मी ज्यासाठी लिहायला बसले ते हे नाही.

पार्सलमध्ये दुरुस्त वायरीखाली एक छोटं पाकीट होतं, बटरपेपरचं, नीट घडी घातलेलं. मला वाटलं जादा पिना वगैरे असतील. उघडलं तर आत जुनी वायर. दुरुस्तीवाल्याने जोडलेला तो भलता तुकडा वेगळा, मूळ वायरीचे दोन भाग वेगळे, दोऱ्याने बांधलेले. आणि तळाशी इन्सुलेशनचे गळलेले कणसुद्धा, चिमूटभर. वर पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘काढलेली वायर. तुमची आहे. ठेवायची की टाकायची ते तुम्ही ठरवा.’

ते पाकीट हातात धरून मी बराच वेळ बसले. डोळ्यांत पाणी आलं, लपवत नाही. इतक्या जणांनी या वस्तूला हात लावला होता, पण ती माझी आहे हे कुणाच्याच गावी नव्हतं. विकणाऱ्याच्या लेखी ती निकालात काढायची अडगळ होती. दुरुस्तीवाल्याच्या लेखी ती पोरखेळ होती, त्यामुळे त्यातलं काय फेकायचं हे विचारायची गरज त्याला वाटली नाही. तुम्ही मात्र कचऱ्याचाही हिशोब दिलात. जुन्या वळणाचे मेकॅनिक बदललेला पार्ट गाडीच्या मालकाच्या हातात ठेवत, तसा. काय काढलं, काय घातलं, सगळं समोर. तुमच्यावर शंका घ्यायचं माझ्या मनातही नव्हतं, आणि तरी तुम्ही शंकेला जागा ठेवली नाहीत. यालाच मी सचोटी म्हणते. कुणी बघत नसताना, कुणी मागितलं नसताना, पेन्सिलीने दोन ओळी लिहिण्याचे कष्ट घेणं.

आणि मोठ्या माणसाच्या छंदाला तुम्ही दिलेला मान. तो तर मी विसरूच शकत नाही. आमच्यासारख्यांना सतत खुलासे द्यावे लागतात. मुलांसाठी आहे का, यातून काही मिळतं का, इतका वेळ कुठून आणता. दिवसभराचं काम आटोपून टेबलाशी बसल्यावर आठ दातांच्या गिअरने चोवीस दातांचा गिअर फिरवला की वेग तिसऱ्या हिश्शावर येतो आणि जोर तितकाच वाढतो, हे बोटांना जाणवतं तेव्हाचं समाधान मी कुणाकुणाला समजावत बसू? वर्म गिअर, म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेला गिअर, लावला की मोटर भार उचलते, पण भाराला मोटर उलटी फिरवता येत नाही, क्रेन जिथल्या तिथे थांबते. हे वाचून माहीत असणं वेगळं आणि आपण जुळवलेल्या यंत्रात ते घडताना बघणं वेगळं. तुमच्याशी बोलताना यातला एकही खुलासा द्यावा लागला नाही. तुम्ही वाल्वबद्दल विचारलंत, मी वाल्वबद्दल सांगितलं. दोन मोठी माणसं एका यंत्राबद्दल बोलत होती, बस्स.

अशी माणसं आहेत म्हणून हा छंद टिकून आहे, असं मला मनापासून वाटतं. कंपनी जोडणीची पद्धत बदलते. ९ व्होल्ट गेलं, पॉवर फंक्शन्स आलं, मग तेही गेलं आणि पॉवर्ड अपचे वेगळेच प्लग आले. ते जुन्याला थेट बसत नाहीत. जुनी मॉडेलं चालती राहतात ती कुणीतरी एक जोडवायर जपून ठेवतो आणि अनोळखी माणसाला विश्वासाने पाठवून देतो, म्हणूनच. तुम्ही पाठवलेली ती जोडवायर मी परत करते म्हटलं, तर म्हणालात, ‘राहू द्या, पुढे कुणाला लागली तर द्या.’ काका, लागली. गेल्या आठवड्यातच एकीची जुनी मोटर चालेना म्हणून मी ती तिच्याकडे पाठवली आहे, आधी सेल काढून ठेवायला सांगून.

पैशांचं विचारल्यावर तुम्ही नेहमीप्रमाणे ऐकू न आल्यासारखं केलंत. म्हणून एक वेगळी गोष्ट. बोलता बोलता तुम्ही म्हणाला होतात की तुम्हाला चोवीस दातांचे ते पांढरे क्लचवाले गिअर हवे आहेत, जोर जास्त झाला की आतल्या आत घसरणारे, म्हणजे मोटर अडकली तरी जळत नाही. माझ्या डब्यात ते जादाचे आहेत, चांगल्या अवस्थेतले. प्रत्येक गिअर हाताने घसरवून बघितला आहे, एक जरा सैल वाटतो, त्याला वेगळी चिठ्ठी लावली आहे. पार्सल बांधून तयार आहे, नाही म्हणू नका.

आणि नळ्यांचं तुम्ही विचारत होतात ते: पंज्याकडे जाणाऱ्या दोन कडक झाल्या आहेत, टोकाशी बारीक चीर आहे, तिथून हवा सुटते. बाकीच्या मऊ आहेत. कडक नळ्यांची लांबी मोजून ठेवली आहे. रविवारी सकाळी फोन करते.

आपली नम्र,
क्लॉ रिगवाली