मुंबईच्या उकाड्यात घालता येईल असे जॅकेट हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दुचाकीस्वारांच्या सुरक्षेची चर्चा हेल्मेटपाशीच संपते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ ने हेल्मेट सक्तीचे केले आणि २०२१ पासून ते आयएसआय चिन्हाशिवाय विकायलाही मनाई आहे (फूटपाथवर सर्रास मिळतात, ते सोडा). गाडी घसरली की सोलवटतात ते तळहात, कोपर नि गुडघे. पण जॅकेट घाला म्हटले की उत्तर ठरलेले: 'मुंबईत? उकडून मरायचंय का?'

मला हे उत्तर निव्वळ सबब वाटत नाही. इथे हवा इतकी दमट असते की घाम वाळतच नाही, आणि तो वाळल्याशिवाय अंगाला गारवा मिळत नाही. त्यात दुकानात टांगलेली जॅकेटे लडाखला निघाल्यासारखी. जाड काळे कापड, आत थंडीचे अस्तर. फिका रंग मागितला तर 'साहेब, मळतो' म्हणून पुन्हा काळेच पुढे येते.

जाळीच्या कापडाचे जॅकेट त्यातल्या त्यात बरे. वारा आरपार जातो, कोपर-खांद्याला पॅडही असतात. मात्र ते अंगाला नीट बसायला हवे. ढगळ असले तर पडताना पॅड सरकतो आणि कोपर उघडे पडते. शिवाय वारा लागणार गाडी धावत असेल तरच. पश्चिम द्रुतगती मार्गावर संध्याकाळी गाड्या रांगतात, खालून इंजिनाची धग येते, तिथे जाळीचाही इलाज नाही. पावसाळ्यात आत घालायचे रेनलायनर (पाणी अडवणारे अस्तर) तर विचारूच नका, बाहेरचे जॅकेट पाणी पिऊन जड होते नि आतला माणूस घामाने भिजतो. त्यापेक्षा वरून साधा रेनकोट चढवावा.

युरोपात या कपड्यांना ईएन १७०९२ हे मानक आहे. कापड रस्त्यावर घासले तर किती तग धरते, शिवण कधी उसवते, हे तपासून श्रेणी दिली जाते. पॅडसाठी ईएन १६२१ वेगळे. आपल्याकडे बऱ्याच स्वस्त जॅकेटांत पॅड म्हणून नुसता स्पंजचा तुकडा निघतो. हेल्मेटसारखी तपासणीची सक्ती जॅकेटांनाही हवी, तीही आपल्या हवामानाचा विचार करून.

सुरुवात घरपोच सामान पोहोचवणाऱ्या मुलांपासून करावी. दिवसभर उन्हात फिरणाऱ्या या मुलांच्या अंगावर कंपनीचा टी-शर्ट असतो, बस्स. फिक्या रंगाचे, पॅड असलेले जाळीचे जॅकेट कंपन्यांनी स्वखर्चाने द्यावे. पैसे मुलांच्या कमाईतून कापू नयेत.

आपला,
एक दुचाकीस्वार वाचक, कांदिवली