अण्णांच्या पायाची नाडी शोधणाऱ्या सिस्टरांना

सिस्टर,

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं. जून महिन्यात मिरजेच्या ओपीडीत तुम्ही माझ्या वडिलांचे बूट काढलेत, एवढीच ओळख देता येईल.

अण्णा ६४ वर्षांचे, एसटीतले निवृत्त ड्रायव्हर. बिडी चाळीस वर्षांची, बीपीची गोळी अकरा वर्षांची. दोन वर्षं चालताना त्यांची डावी पोटरी भरून यायची. दूध डेअरीपर्यंत गेले की थांबायचे. दोन मिनिटं उभे राहिले की बरं वाटायचं, चालायला लागले की पुन्हा तेच. आम्ही तीन दवाखाने केले. एकाने वय झालं म्हणून सांगितलं. दुसऱ्याने कंबरेची नस दबलीय म्हणून पट्टा दिला. तिसऱ्याने कागदावरून मान वर न करता "बिडी बंद करा" म्हटलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. पाय उघडा करून कुणीच बघितला नाही. आजही संताप होतो. चाललं की दुखणारी आणि थांबलं की राहणारी पोटरी, त्यात बिडी, त्यात बीपी. एवढं ऐकल्यावर तरी पायाची नाडी बघायची होती. त्याला मशीन लागत नाही, दोन बोटं लागतात.

तुम्ही आधी विचारलंत, "शेवटची बिडी कधी ओढली?" अण्णांनी खरं सांगितलं, आत्ताच, गेटबाहेर. तुम्ही रागावला नाहीत. बिडी ओढली की बीपी चढतं, लगेच मोजलं तर खरा आकडा कळत नाही, म्हणून अर्धा तास बसवून ठेवलंत. अकरा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.

मग तुम्ही सरळ फरशीवर बसलात आणि अण्णांच्या बुटाच्या नाड्या सोडायला लागलात. त्यांनी पाय मागे ओढले. "अहो बाई, राहू द्या, पाय घाण हायत." तुम्ही "असू द्या हो" म्हणालात, मोजे काढलेत आणि त्यांचीच दोन बोटं धरून उजव्या पावलावर ठेवलीत. "लागतंय?" "लागतंय की, उडतंय." मग डाव्या पावलावर. अण्णा बराच वेळ बोटं सरकवत राहिले. "हितं काय न्हाई," म्हणाले. सगळं आयुष्य घाटात गाडी चालवलेल्या माणसाचा तसा चेहरा मी कधी पाहिला नव्हता.

हातावर १५०, डाव्या घोट्यावर ९०. घोट्याचा दाब हाताइतका किंवा थोडा जास्तच असायला हवा, हे तुमच्याकडून कळलं. गोळीने बीपी आटोक्यात आहे मग बिडीने काय होतंय, हे अण्णांचं नेहमीचं म्हणणं. तुम्ही ते खोडलंत, पण किती सावकाश. वाढलेला दाब धमनीच्या आतल्या अस्तरावर आदळत असतो आणि धूर तेच अस्तर आतून खराब करतो. निकोटिनने धमनी आक्रसते, दुखावल्या जागी चरबीचा थर धरतो, रक्त लवकर गोठतं. गोळी दाब उतरवते, धुराचं नुकसान भरून काढत नाही. पायात हे झालंय तर हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्यांतही असू शकतं. बिडी पानाची म्हणून सौम्य, हेही खरं नाही.

अण्णा म्हणाले, "म्हंजे ठिबकची नळी क्षारानं तुंबती तसं."

"हो, आणि वर मोटर जोरात लावलेली," तुम्ही म्हणालात. आमच्या घरी आता हे वाक्य रोज निघतं.

पहिला महिना फार वाईट गेला. झोप नाही, चिडचिड, दोनदा बिडी ओढून झाली. बंडलावर छापलेला १८००-११-२३५६ हा फुकटचा नंबर त्यांनी स्वतःच लावला. आता चार महिने झाले, बिडी नाही. तुम्ही सांगितल्याप्रमाणे दुखेपर्यंत चालतात, थांबतात, परत चालतात. डेअरी मागे पडली, मारुतीच्या देवळापर्यंत जातात. रात्री खाटेवर बसून बोटांनी नाडी बघतात. डावीकडे अजून लागत नाही.

माणसाने माणसाला हात लावून तपासावं, खरं बोलल्याबद्दल रागवू नये, यात विशेष काय, असं वाटेल तुम्हाला. आम्ही दोन वर्षं त्यासाठीच फिरत होतो.

परवा तपासणीला आलो तेव्हा तुमची ड्युटी नव्हती. अण्णा सकाळी वज्रीने टाचा घासून, पाय साबणाने धुऊन आले होते. मोजे घातलेच नव्हते. तुम्ही नाही म्हटल्यावर बराच वेळ बाकावर बसून राहिले. पुढच्या महिन्यात तुम्ही कोणत्या वारी असता, तेवढं कळलं तर बरं होईल.