अंडी दुपारी गोळा कर

सोलापूर, रविवार

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

काल फोन तू ठेवलास, पण तोंड मीच सोडलं होतं. "रात्री अडीचला हॉस्टेलवर एकटी चालत का जातेस" हे चार वेळा विचारलं आणि तुझा निकाल ऐकायचा राहूनच गेला. आज फक्त निकालाबद्दल लिहिते.

आलेख पाहिला. सायकल 11 च्या, म्हणजे केंद्रकांच्या अकराव्या विभाजन-फेरीतल्या, भ्रूणांत क्रोमॅटिन (प्रथिनांभोवती गुंडाळलेला डीएनए) एवढं उघडं दिसतंय म्हणून तू हरखलीस आणि गाईडना शंका आली. शंका रास्त आहे. फळमाशीचं भ्रूण सुरुवातीला आईने अंड्यात भरून दिलेल्या आरएनएच्या शिदोरीवरच चालतं. सायकल 11 जेमतेम 10 मिनिटांची. तेवढ्यात डीएनएची प्रत काढून केंद्रकाला दुभंगायचं असतं, जनुकं वाचायला सवड कुठली? त्यातून डीएनएचा धागा गुंडाळलेला. 147 बेसचा, म्हणजे अक्षरांचा, तुकडा आठ हिस्टोन प्रथिनांच्या गाभ्याभोवती पावणेदोन वेढ्यांच्या आसपास, आजीच्या कांडीवरच्या सुतासारखा घट्ट. झेल्डा हे प्रथिन मात्र सीएजीजीटीएजी ही अक्षरं हेरून अशा गुंडाळलेल्या जागीही बसतं आणि आसपासचा भाग सैल करतं. सायकल 8 च्या सुमारासच ते बसायला लागतं, त्यामुळे काही जागा लवकर उघडतात हे खरंच. पण जनुकं मोठ्या संख्येने जागी होतात ती सायकल 14 ला, 25 अंशांवर अंडं घातल्यापासून दोन-अडीच तासांनी. तुझा आलेख सायकल 14 सारखा दिसतोय.

याचं कारण मला तुझ्या नळीत दिसतं. एका नळीत बारा भ्रूणं घातलीस. सायकल 11 च्या भ्रूणात केंद्रकं साधारण साडेसातशे, सायकल 14 च्या भ्रूणात सहा हजार. बारात एकच थोराड निघालं तरी ते आठांच्या बरोबरीचं. एकूण एकोणीस वाट्यांतले आठ त्याचेच. आणि असं एक निघतंच, कारण ताजं खाद्य मिळालं नाही की माशी फळलेलं अंडं पोटातच धरून ठेवते. म्हणून ताज्या यीस्टच्या पहिल्या दोन प्लेटा, तासातासाच्या, टाकून द्यायच्या. अर्ध्या तीव्रतेच्या ब्लीचमध्ये दोन मिनिटं ठेवून कवच काढ, भरपूर पाण्याने धू आणि प्रत्येक भ्रूण केंद्रकं चमकवणाऱ्या हिस्टोन-जीएफपीखाली पाहूनच उचल. खरं तर नळीत एकच भ्रूण घाल. ब्लायथ आणि विशाउस यांनी 2016 मध्ये एकेका भ्रूणावर एटॅक-सीक, म्हणजे उघडं क्रोमॅटिन शोधायची पद्धत, करून दाखवलंच आहे. केंद्रकं कमी म्हणजे डीएनए कापणारं टीएन5 हे विकरही कमी. बारा भ्रूणांएवढंच घातलंस तर सगळ्याचा भुगा होईल आणि तुकड्यांच्या लांबीतल्या 200 बेसच्या अंतराच्या पायऱ्या पुसल्या जातील. पायऱ्या दिसल्याशिवाय सिक्वेन्सिंगला पाठवू नकोस, पैसे वाया जातात.

बघ, शिकवायलाच लागले. चुकलं माझं. हे सगळं तुला येतं. पण दोन वाजता, पेंगुळल्या डोळ्यांनी, सायकल 11 आणि 12 मधला फरक कोणालाही दिसणार नाही. परत तिथेच आले ना मी. त्या रस्त्यावरचे दिवे अजून बंदच आहेत का?

चौथीत असताना केळ्याची साल जॅमच्या बाटलीत घालून तू तीन दिवस माश्यांची वाट बघत बसली होतीस. अण्णा फेकून देतील म्हणून बाटली देवघरात लपवलीस. अक्का अजून सगळ्यांना सांगते. आता सांगताना "आमची मुक्ता पुण्याला डॉक्टरेट करते" एवढं पुढे जोडते, आणि मीही तिला थांबवत नाही.

तर मुद्दा असा. माश्या सर्वांत जास्त अंडी दिवे मालवण्याच्या सुमारास घालतात. तुमच्या खोलीतले दिवे रात्री बंद होतात, म्हणून तुझी अंडीही रात्री. पिंजरा काळ्या खोक्यात ठेव, टायमरवर छोटा एलईडी लाव: रात्री 11 ला सुरू, सकाळी 11 ला बंद. चार-पाच दिवस त्यांना रुळू दे, मग दुपारी 12 पासून प्लेटा बदल. खोक्याला हवेसाठी भोकं पाड आणि थर्मामीटर खोक्याच्या आत ठेव, खोलीत नको. आत 25 अंशच हवेत. 18 वर वाढ निम्म्या वेगाने होते, मग वयाचा हिशेब पार चुकतो. सहापर्यंत गोठवायचं ते गोठवून होईल आणि उजेडात परतशील. गाईडना विचारून घे. लाजू नकोस.

टायमर मामाबरोबर हुतात्माने पाठवतेय. निळ्या डब्यात शेंगाचटणी आणि कडक भाकऱ्या आहेत, अर्ध्या रूममेटला दे. अण्णांचा पाय बरा आहे, काळजी नको.

टायमर सेट होईपर्यंत, निदान हे चार दिवस, रात्री निघताना मिस्ड कॉल दे. मी जागीच असते.

तुझी,
आई