आंजर्ल्याचे कुरव आणि वाळूतल्या गाड्या

महोदय,

आंजर्ल्यात जोग नदी समुद्राला मिळते, तिथल्या वाळूच्या दांड्यावर थंडीत कुरवांचे (सीगल पक्ष्यांचे) थवे बसतात. कडेने सुरय, चिखल्या हे किनाऱ्यावरचे पक्षी. यातले तपकिरी डोक्याचे कुरव लडाख-तिबेटच्या तलावांकाठी वीण करून आलेले. ओहोटीला पक्षी चिखलात पांगून खातात; भरती आली की विसाव्याला तेवढाच कोरडा पट्टा उरतो. नेमक्या त्याच वेळी पर्यटकांच्या जीपगाड्या थव्यात घुसतात. का, तर उडणाऱ्या पक्ष्यांचा व्हिडिओ हवा! परतीच्या प्रवासाआधी अंगावर चरबी चढवायचे हे दिवस. त्यात सारखं उडावं लागलं, तर खाल्लेलं सगळं उडण्यातच खर्ची पडतं.

माझी इथे घरगुती खानावळ आहे, पर्यटक नकोत असं मी कशी म्हणेन? माझ्याकडच्या पाहुण्यांना मी दुर्बीण देते आणि सुरूच्या बनाशीच थांबवते. तिथूनही समुद्री गरुड छान दिसतो. कुरवांना घालायला आणलेलं फरसाण मात्र काढून घेते, कोणी रुसलं तरी चालेल.

ग्रामपंचायतीने दांड्याकडे जाणाऱ्या वाटेच्या तोंडाशी गाड्या अडवायला चार लाकडी खांब रोवावेत. फलक नको, तो कोणी वाचत नाही.

— एक खानावळवाली, आंजर्ले (ता. दापोली)