काउंटीच्या जुन्या सीमा

महोदय,

इंग्लंडमधील काउंटी क्रिकेटच्या बातम्यांत मिडलसेक्स, लँकेशायर, सरे ही नावे तेथील आजच्या जिल्ह्यांची असावीत अशा थाटात लिहिली जातात. वस्तुस्थिती तशी नाही. मिडलसेक्सची काउंटी कौन्सिल १९६५ मध्ये बरखास्त झाली आणि तिचा बहुतेक मुलूख ग्रेटर लंडनमध्ये गेला. लँकेशायरचे ओल्ड ट्रॅफर्ड मैदान १९७४ पासून ग्रेटर मँचेस्टरमध्ये मोडते. सरेचे ओव्हल तर १८८९ मध्येच लंडन काउंटीत गेले. संघांनी मात्र नावही बदलले नाही आणि मैदानही सोडले नाही.

हा चिवटपणा या विभागांच्या जन्मातच आहे. केंट, एसेक्स, ससेक्स ही मुळात स्वतंत्र राज्ये होती. बेडफर्डशायर, नॉर्थहॅम्प्टनशायर यांसारखे मध्य इंग्लंडमधील शायर (काउंटीचेच जुने नाव) मात्र डेन लोकांकडून, म्हणजे डेन्मार्ककडून आलेल्या आक्रमकांकडून, मुलूख परत घेतल्यानंतर तटबंदीच्या गावांभोवती आखले गेले आणि त्या गावांचीच नावे त्यांना मिळाली. शायरच्या पोटात 'हंड्रेड' असे, म्हणजे ढोबळमानाने शंभर 'हाइड'. एका कुटुंबाचा निर्वाह होईल एवढी जमीन ती हाइड. ती पुष्कळ ठिकाणी १२० एकर धरली जाई, पण हिशेब क्षेत्रफळापेक्षा सारा आणि शिपाई यांचा असल्याने प्रत्यक्ष एकर जागोजागी वेगळे भरत. हंड्रेडची सभा साधारण चार आठवड्यांनी एखाद्या टेकाडावर किंवा मोठ्या झाडाखाली भरे आणि गुरांच्या चोरीचे तंटे तिथेच तुटत. १०६६ मध्ये इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन राजांनी ही घडी मोडली नाही. १०८६ ची डूम्सडे पाहणी, म्हणजे राजाने करवलेली जमीनजुमल्याची नोंद, तीही काउंटीवारच लिहिली गेली. अवाढव्य यॉर्कशायरचे तीन 'रायडिंग' म्हणजे पोटविभाग होते, उत्तर, पूर्व आणि पश्चिम. दक्षिण रायडिंग असे काही नव्हतेच.

१९७४ च्या फेररचनेने कारभाराच्या सीमा बदलल्या, पण यॉर्कशायर क्लबने त्यानंतरही जुन्या काउंटीत जन्मलेल्यांनाच संघात घेण्याचा दंडक पाळला. तो सैल झाल्यावर, १९९२ मध्ये, त्यांच्याकडून खेळलेला पहिला परदेशी खेळाडू म्हणजे आपला सचिन तेंडुलकर. तेव्हा ही बाब आपल्या वाचकांना अगदीच परकी नाही. चिमुकल्या रटलंड काउंटीने तर लेस्टरशायरमध्ये विलीन झाल्यावरही हट्ट सोडला नाही आणि १९९७ मध्ये स्वतःची कौन्सिल परत मिळवली.

म्हणून क्रीडा पानावर अशा संघांची ओळख देताना 'ऐतिहासिक काउंटी' असा उल्लेख करावा आणि सोबतच्या नकाशात जुनी सीमाही दाखवावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक