नवा लॅपटॉप नको, बाबा

नौपाडा, ठाणे

ती. बाबा आणि आईस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, नव्या लॅपटॉपसाठी पैसे पाठवू नका. परवा फोनवर तुम्ही एफडी मोडायच्या गोष्टी करायला लागलात आणि नेमकी माझी मीटिंग सुरू झाली, म्हणून लिहितेय. माझा लॅपटॉप दुरुस्त झालाय. गेला होता तो फक्त आतला पंखा.

इथल्या एका दुकानदाराने उघडूनही न बघता सांगून टाकलं, "मदरबोर्ड गेला, नवीनच घ्या." मला काही पटेना. चालू केला की खरखर, मग पंखा फिरत नसल्याची पाटी आणि लगेच बंद. मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य सर्किट बोर्ड, मेलेला असता तर आपलं दुखणं इतकं नेमकं सांगू शकला असता का? हा पंखा ५ व्होल्टवर चालतो. माझ्याकडच्याला चार तारा आहेत, त्यातली एक पंख्याचा वेग मदरबोर्डला कळवत असते. ती गप्प झाली की प्रोसेसर तापू नये म्हणून लॅपटॉप स्वतःच आवरतं घेतो.

तुम्ही म्हणणार, शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडायचा होतास. आपला टेबलफॅन तुम्ही तसाच वर्षानुवर्षं चालवलात, कबूल. पण याचं बेअरिंग अगदी चिमुकलं. ते झिजून पाती डुगडुगायला लागली की तेलाने आवाज चार दिवस दबतो, झीज काही भरून येत नाही.

पंख्यासाठी लॅमिंग्टन रोडला गेले, दादरला गाडी बदलून ग्रँट रोड. नुसतं मॉडेल सांगून भागत नाही, एकाच मॉडेलला वेगवेगळे पंखे असू शकतात. म्हणून जुना काढून सोबतच नेला आणि पार्ट नंबर जुळवून घेतला. ८०० रुपये. एवढ्यासाठी एफडी!

कंपनीचं दुरुस्तीचं पुस्तक नेटवर फुकट मिळतं, ते समोर ठेवून घरीच बसवला. आधी बॅटरीची पिन काढायची, मग बाकीचं. आई, तू दिलेल्या स्टीलच्या छोट्या वाट्या कामी आल्या. स्क्रू लहानमोठे असतात आणि आखूडच्या जागी लांब पिळला तर आतलं काहीतरी फुटतं, म्हणून प्रत्येक जागचे वेगळ्या वाटीत. आतली घाण तू बघायला हवी होतीस. प्रोसेसरची उष्णता तांब्याच्या चपट्या नळीतून कडेच्या बारीक जाळीपर्यंत येते आणि पंखा तिथून ती बाहेर फुंकतो. त्या जाळीवर धुळीचा चांगला जाड थर! तीन हात नाक्याचं मेट्रोचं काम बहुतेक माझ्याच लॅपटॉपमधून गेलंय. तो ब्रशने काढला, प्रोसेसरची उष्णता त्या नळीकडे नेणारी थर्मल पेस्ट वाळून खडखडीत झाली होती, ती पुसून नवी लावली. आधी नुसती मेल उघडली तरी तापमान ९५ अंशांवर जायचं, आता ७० च्या आत असतं.

आता तुमच्या लॅपटॉपचं. व्हिडिओ कॉलवर मागून जी घूं घूं येते ती आईच्या मिक्सरची नाही. बाबा, तुम्ही तो गोधडीवर ठेवून मॅच बघता. हवा आत घ्यायची भोकं खालच्या बाजूला असतात, ती बुजतात. तो पाटावर ठेवत जा. उलटा करून खालच्या स्टिकरचा फोटो तेवढा मला पाठवा. गणपतीत आले की उघडून साफ करते, पंखा गेलेलाच असेल तर इथून घेऊन येईन.

तोवर त्यात तेल सोडू नका. आई, तेलाची बाटली तुझ्याकडेच ठेव.

तुमची,
मनू