परांचीवरचा फोटो

चि. बंड्यास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू "बाबा, पुरे आता" म्हणालास आणि मी पुरे केलं. तुझ्या त्या उंचावर चढण्याच्या विषयावर आता लिहिणार नाही. आप्पांचं काय झालं ते तुला माहीत आहे. असो.

तुझं टॅनेनबर्गवरचं, अमेरिकेतल्या त्या जुन्या ऑर्गन बांधणाऱ्यावरचं टिपण आईला दोनदा वाचून दाखवलं. सॅक्सनीतला पोरगा १७४९ मध्ये, एकविसाव्या वर्षी, पेनसिल्व्हेनियातल्या बेथलेहेमला येतो, हाताशी सुतारकाम, आणि तिशीत म्हाताऱ्या क्लेमच्या हाताखाली चर्चमधले नळ्यांचे ऑर्गन बांधायला शिकतो! तू एकोणतिसाव्या वर्षी बँक सोडून ऑर्गनच्या कामाला लागलास तेव्हा जे बोललो ते मागे घेतो. सगळं नाही, बरंचसं.

क्लेम १७६२ मध्ये गेला, आणि पुढे ह्याने लिटिट्झला बिऱ्हाड हलवून पन्नासच्या आसपास ऑर्गन उभे केले. नळ्यांची मापं काढायची विद्या जर्मनीतल्या सोर्गेच्या हस्तलिखितातून मिळाली म्हणतोस. नशीबवान. माझ्या उस्तादांनी कागदावर काही दिलं नाही. पेटीतली सुराची पितळी पट्टी टोकाला घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो, एवढं सांगितलं, तेही तीन वर्षं भाते चिकटवून घेतल्यावर.

नाटक कंपनीची पायपेटी दुकानात आली होती ते आठवतं? सहा वर्षांचा होतास. मी वर सूर लावतोय, तू खाली बसून दोन्ही हातांनी पॅडल दाबतोयस. मध्येच हवा बंद. वाकून बघतो तर पॅडलवर डोकं ठेवून झोपलेला, गालावर गालिच्याच्या तुकड्याचे वळ. तेव्हा निदान जमिनीवर होतास.

पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्कचं ते मात्र डोक्यातून जात नाही. १८०० मध्ये उत्तर कॅरोलिनातल्या सेलमचा ऑर्गन बसवायला टॅनेनबर्गने जावयाला, बाखमनला, पाठवलं. वय बहात्तर, शहाणपणा केला. मग १८०४ मध्ये यॉर्कला स्वतः का चढला? सूर लावताना पक्षाघाताचा झटका आला, खाली पडला, दोन दिवसांत संपला. तो ऑर्गन पहिल्यांदा वाजला तो त्याच्याच अंत्यविधीला. तू हे कौतुकाने लिहिलंयस. मी रात्री उठून पाणी प्यायलो.

तो शहात्तरचा होता, तू एकतीसचा, कळतं मला. तरी कमरेला सुरक्षेचा पट्टा लावल्याशिवाय चढू नकोस. उपाशीपोटी चढू नकोस. खाली कुणीतरी उभं हवंच. वर असताना फोन घ्यायचा नाही, माझासुद्धा. एका हाताने नेहमी काहीतरी धरलेलं... बघ, पुन्हा सुरू झालो. चुकलं.

फिलाडेल्फियाच्या झायन चर्चमधला त्याचा ऑर्गन तेव्हा देशात सगळ्यात मोठा, १७९० चा, आणि चार वर्षांत जळून खाक. सहासष्टाव्या वर्षी एवढं सोसून माणूस पुन्हा रंधा हातात घेतो. मी दुकान गुडघ्यांमुळे बंद केलं असं सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे गिऱ्हाईकच उरलं नव्हतं. हे तुला पहिल्यांदाच सांगतोय.

गल्लीत मात्र सांगत सुटलोय, आमचा मुलगा अमेरिकेत दोनशे वर्षांच्या ऑर्गनच्या आत शिरून काम करतो. "आत शिरून" म्हटलं की लोकांना थट्टा वाटते.

तुझा,
बाबा

ता.क. परांचीवरचा फोटो शेवटी आईला दाखवला. ती म्हणाली, किती वाळलाय. पट्टा नाही हे तिच्या लक्षात आलं नाही.